धोकादायक जंतूंवरचे प्रयोग: "कशाला?" असं विचारणारा कोण?

पाषाणकर

मंडळी, ५ मे २०२५ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं एक आदेश निघाला. जंतू मुळात आहे त्याहून जास्त घातक किंवा जास्त पसरणारा होईल अशा संशोधनाचा सरकारी पैसा तूर्त थांबवा आणि १२० दिवसांत नवं धोरण आणा, असा. मजा म्हणजे याच विषयावर आधीच्या सरकारनं मे २०२४ मध्ये जाहीर केलेलं सविस्तर धोरण दुसऱ्याच दिवशी, ६ मेला, लागू व्हायचं होतं. मांडव घालून झाला आणि लग्नाची तारीख बदलली.

राजकारणाचे धागे वेगळे आहेत, तिथे जाऊन भांडा. मला बोलायचंय ते त्यामागच्या जुन्या दुखण्यावर.

२०११ ची गोष्ट. रॉटरडॅमच्या इरॅस्मस मेडिकल सेंटरचे रॉन फूशिए आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचे योशिहिरो कावाओका, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट करून दाखवली. एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू पक्ष्यांकडून माणसाला होतो, पण माणसाकडून माणसाला सहजी जात नाही. तोवर नोंदलेल्या रुग्णांपैकी मात्र निम्म्याहून जास्त दगावले होते. या दोन गटांनी तयार केलेले विषाणू फेरेट नावाच्या छोट्या प्राण्यात हवेतून एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात पोचले. फ्लूच्या बाबतीत फेरेट बराचसा माणसासारखाच वागतो, म्हणून प्रयोगशाळेत तोच वापरतात. हेतू वाईट नव्हता. निसर्गात हे घडू शकतं का, आणि घडलं तर कोणत्या बदलांवर डोळा ठेवायचा, हा प्रश्न होता.

आता क्रम बघा. पैसा अमेरिकेच्या एनआयएचचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा. अर्ज मंजूर, प्रयोग पूर्ण, पेपर 'सायन्स' आणि 'नेचर'कडे रवाना. त्यानंतर जाग आली. डिसेंबर २०११ मध्ये सरकारी सल्लागार मंडळानं, म्हणजे एनएसएबीबीनं, सांगितलं की छापा, पण कृती गाळून छापा. जानेवारी २०१२ मध्ये ३९ शास्त्रज्ञांनी स्वतःहून ६० दिवस काम थांबवलं, ते ६० दिवस वर्षभर चालले. मार्चमध्ये मंडळानं सुधारित पेपर पाहून मत बदललं. मे-जूनमध्ये दोन्ही पेपर छापून आले. मधल्या काळात डच सरकारनं फूशिएंना सांगितलं होतं की हे हस्तलिखित देशाबाहेर पाठवायचं तर निर्यात परवाना काढा. पेपर पाठवायला निर्यात परवाना! त्यांनी निषेध नोंदवून काढला.

मी आयुष्यभर औषध कंपनीत क्वालिटीत काम केलं. आमच्याकडे बॅच बनल्यावर "ही बॅच मुळात बनवायची होती का?" असं कोणी विचारलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं. इथे जगातल्या सगळ्यात हुशार लोकांनी तेच केलं.

पुण्यात सूस रोडला आमच्या सोसायटीपासून एनआयव्हीचं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचं, पाषाणचं आवार फार लांब नाही. बीएसएल-४, म्हणजे चौथ्या जैवसुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा २०१२ च्या डिसेंबरपासून तिथे आहे. मला भीती वगैरे अजिबात नाही, उलट अभिमान आहे. २०१८ मध्ये केरळात निपाहची खात्री इथूनच झाली. पण एक प्रश्न मला कोणी सोडवून दिलेला नाही. आपल्याकडे प्रयोग सुरू व्हायच्या आधी "कशाला?" असं कोण विचारतं? "कसा?" असं विचारणारे पुष्कळ असतील. मी "कशाला?" म्हणतोय.

अनया_अनभिज्ञ

काका, बेसिक शंका. बीएसएल-४ म्हणजे सगळ्यात धोकादायक की सगळ्यात सुरक्षित?

मिरजेची_मधुरा

@अनया, दोन्ही. जितका जंतू धोक्याचा तितका वरचा आकडा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टायफॉइडचं कल्चर होतं ते दुसऱ्या पातळीवर. टीबीचे जंतू वाढवून औषधं तपासायची तर तिसऱ्या. निपाह, इबोला, क्रिमियन काँगो ताप यांचा जिवंत विषाणू चौथ्या. तिथे अंगभर सूट, त्यात नळीनं हवा, बाहेर पडताना सुटावर रसायनाचा फवारा आणि मग स्वतःची अंघोळ. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून. मोरीचं पाणीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाहीत.

पाषाणकरकाका, तुमच्या प्रश्नाला थोडं लांब उत्तर. मी मायक्रोबायोलॉजीत आहे आणि एका संस्थेच्या आयबीएससीवर, म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीवर, बसते. संस्था कोणती ते विचारू नका.

आपला पाया म्हणजे १९८९ चे नियम, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालचे. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव, दोन्ही त्यात येतात. सगळ्यात खाली संस्थेची समिती. तिच्यावर एक डॉक्टर आणि डीबीटीनं, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं, नेमलेला बाहेरचा एक सदस्य असलाच पाहिजे. जास्त धोक्याच्या गटातला प्रयोग असला की फाइल दिल्लीला आरसीजीएमकडे, म्हणजे जनुकीय बदलांच्या प्रयोगांवरच्या डीबीटीच्या आढावा समितीकडे, जाते. जीव पर्यावरणात सोडायचा असेल तर जीईएसी, म्हणजे पर्यावरण मंत्रालयाची समिती. राज्य आणि जिल्हा पातळीवरही समित्या असाव्यात असं नियमांत लिहिलंय. लिहिलंय, एवढंच म्हणते. २०१७ मध्ये डीबीटीनं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जंतूंचे धोका-गट, प्रयोगांचे प्रकार, कुठली पातळी लागेल, सगळं नीट आहे त्यात. कागद वाईट नाहीत हो.

आता बैठक. वर्षातून किमान दोनदा घ्यायचीच असते. बाहेरचे सदस्य लांबून येतात, त्यांना परतीची गाडी असते. टेबलावर ढोकळा आणि प्रस्तावांचा गठ्ठा. प्रत्येक प्रस्तावात तेच रकाने: यजमान जीव कोणता, वेक्टर (जनुक वाहून नेणारा) कोणता, धोका-गट कोणता, कॅबिनेट कोणत्या वर्गाचं, कचऱ्याचं काय करणार. आम्ही कचऱ्यावर खूप बोलतो. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या पट्टीचा रंग बदलला की नाही याची नोंदवही मागवतो, तारखा लावून बघतो. "हाच प्रश्न मेलेल्या विषाणूवर किंवा नुसत्या प्रथिनावर प्रयोग करून सुटेल का?" असा रकाना नाही. विचारलं तर चालतं, पण विचारायचं आठवावं लागतं. समोर बसलेला माणूस रोज कँटीनमध्ये भेटणारा असतो, त्यामुळे आठवलं तरी जीभ रेटत नाही.

खवट_म्हातारा

वाहवा. म्हणजे चोर आणि कोतवाल एकाच कँटीनला जेवतात.

अनयाताई आणि इतर तरुण मंडळींसाठी एक इतिहास, कारण सगळ्यांना वाटतं हे प्रकरण कोरोनानंतर सुरू झालं. १९७० च्या आसपास दिल्लीत डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचं डास नियंत्रणाचं एक युनिट होतं, जेनेटिक कंट्रोल ऑफ मॉस्किटोज युनिट. पैसा अमेरिकेचा, पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाचे जे रुपये इथे साठले होते त्यातला. नर डास नपुंसक करून सोडायचे म्हणजे पैदास थांबेल, अशी कल्पना. दिल्लीच्या भोवतालच्या गावांत क्युलेक्स डास सोडलेही. ते नपुंसक करायला वापरलेलं थायोटेपा हे रसायन गावच्या विहिरींत उतरेल का, असा पहिला बोभाटा झाला. मग १९७४ मध्ये पीटीआयची बातमी आली आणि संसदेत गदारोळ. सोनीपतला एडिस इजिप्ती सोडायचा बेत होता. हाच डास पिवळ्या तापाचा वाहक. पिवळा ताप आपल्याकडे नाही, मग अमेरिकेला या डासाची इतकी माहिती कशाला हवी, हा प्रश्न. लोकलेखा समितीनं १९७५ मध्ये अहवाल दिला, युनिट बंद झालं, सोनीपतचा प्रयोग राहिला तो राहिलाच. मी तेव्हा करोलबागेत राहायचो, आमच्या ऑफिसात दुसरा विषय नसायचा.

त्याच अहवालात मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेचा पक्षी-स्थलांतराचा अभ्यासही ओढला गेला, कारण त्यालाही अमेरिकी लष्कराचा पैसा होता. सालिम अलींसारख्या माणसाला खुलासे करत बसावं लागलं.

मिरजेची_मधुरा

काका, ते युनिट जैविक युद्धाचं होतं असं सिद्ध झालेलं नाही. डासशास्त्रातले लोक आजही म्हणतात की चांगलं काम वाया गेलं.

खवट_म्हातारा

सिद्ध झालं असं मी कुठे म्हटलं? मुद्दा एवढाच की करारावर सही झाली तेव्हा "कशाला?" असं कोणी विचारलं नाही, आणि पाच-सहा वर्षांनी विचारलं तेव्हा ते वर्तमानपत्रानं विचारलं. वर्तमानपत्र विचारतं तेव्हा ओरडूनच विचारतं. त्यात चांगलं काम असलं तर तेही मरतं. आणि हे जुनंच आहे असं समजू नका. नागालँडमधल्या वटवाघळांचा आणि माणसांचा अभ्यास झाला, ऑक्टोबर २०१९ मध्ये पेपर आला, सहलेखकांत दोघे वुहानच्या संस्थेचे. २०२० उजाडल्यावर सरकारनं चौकशी लावली. हा अभ्यास करणाऱ्या बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेला सांगावं लागलं की नमुने देशाबाहेर गेलेले नाहीत. पेपर आल्यावर जाग, इथेही तेच.

सत्य_उघडे_पाडा

सगळे मूर्ख आहात. कोरोना लॅबमध्येच बनवला हे जगजाहीर आहे आणि तुम्ही ढोकळ्यावर चर्चा करताय. लशीच्या कंपन्यांनी

(उरलेला प्रतिसाद संपादित. विषाणूच्या उगमावर वेगळा धागा आहे, तिथे लिहावे. – व्यवस्थापन)

पाषाणकर

व्यवस्थापनाचे आभार. उगम निसर्गातला की प्रयोगशाळेतला यावर शास्त्रज्ञांत आणि गुप्तचर संस्थांतही एकमत नाही, आणि या धाग्याला त्याची गरजही नाही. प्रयोगशाळेतून जंतू बाहेर पडल्याची निर्विवाद उदाहरणं पुरेशी आहेत. २००३-०४ मध्ये सार्स सिंगापूर, तैवान आणि बीजिंगच्या प्रयोगशाळांमधून बाहेर पडला. २०१९ मध्ये चीनच्या लानझोऊला ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं, धुराड्यातून जंतू गेले, आणि दहा हजारांवर लोकांना बाधा झाली. मुदत संपलेलं जंतुनाशक! स्टोअरमध्ये लेबल वाचणारा एक माणूस कमी पडला. क्वालिटीवाल्याला याहून मोठं दुःख नाही.

पण माझं आवडतं (आवडतं कसलं!) उदाहरण पिरब्राइटचं. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात, २००७. लाळ्या-खुरकताचा विषाणू आवारातल्या गळक्या सांडपाण्याच्या पाइपातून मातीत उतरला, ट्रकच्या चाकांना लागला आणि शेजारच्या गोठ्यांत पोचला. पाइप जुना आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आवारात दोन संस्था, एक सरकारी संशोधन संस्था आणि एक खासगी लस कंपनी. पाइप कोणाच्या पैशानं दुरुस्त करायचा यावर घोळ चालू होता. आणि परवाना देणारं खातं कोणतं? शेती-पर्यावरण खातं, डेफ्रा. तपासणी कोणाची? डेफ्राची. संशोधन संस्थेचं मोठं गिऱ्हाईक कोण? डेफ्रा. मग चौकशी झाली आणि तपासणीचं काम त्या खात्याकडून काढून कामगार-सुरक्षेच्या यंत्रणेकडे, एचएसईकडे, दिलं गेलं.

मधुराताई, आरसीजीएम कोणाच्या अखत्यारीत? डीबीटीच्या. संशोधनाला पैसे कोण देतं? डीबीटी. एनआयव्ही कोणाची? आयसीएमआरची. परदेशी सहकार्याचे आरोग्य-संशोधनाचे प्रस्ताव चाळणाऱ्या समितीचं कार्यालय कुठे? आयसीएमआरमध्येच. माणसं प्रामाणिक आहेत यात मला शंका नाही. पण पिरब्राइटला तरी कोण अप्रामाणिक होतं?

चार्ल्सकाठचा

मी बॉस्टनला असतो, बायोटेकमध्येच. इथलं एक सांगतो, कारण पुण्यात हे करता येईल असं मला मनापासून वाटतं.

१९७६ मध्ये हार्वर्डला डीएनए जोडकामाच्या प्रयोगांसाठी नवी प्रयोगशाळा बांधायची होती. हार्वर्ड ज्या शहरात आहे त्या, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजचे महापौर आल्फ्रेड व्हेलुची. त्यांचं आणि हार्वर्डचं आधीपासून सख्य नव्हतं. त्यांनी जाहीर सुनावणी लावली आणि नगर परिषदेनं काही महिने ते प्रयोग थांबवले. मग नागरिकांची समिती नेमली. तिच्यात इंधन तेलाचा व्यापारी होता, परिचारिकेचं काम करणारी नन होती, बहुतेक सगळे सामान्य गावकरी. नोबेलवाल्यांनी डोक्याला हात लावला. समितीनं महिनोन्महिने दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना बोलावून प्रश्न विचारले, आणि शेवटी सांगितलं की करा प्रयोग, पण केंद्र सरकारच्या नियमांवर आमच्या एवढ्या अटी जास्त. फेब्रुवारी १९७७ मध्ये शहराचा वटहुकूमच झाला.

त्यानं उद्योग पळाला का? उलट. काही वर्षांत बायोजेन ही बायोटेक कंपनी इथे आली आणि आज केंडल स्क्वेअरला पार्किंग मिळत नाही. नियम काय आहेत हे आधीच ठरलेलं, त्यामुळे कंपन्यांना सोयीचं गेलं.

दुसरी बाजूही सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं कोरोनाच्या मूळ विषाणूवर ओमिक्रॉनचं स्पाइक प्रथिन बसवलं, आणि दहापैकी आठ उंदीर मेले अशी बातमी झाली. मूळ विषाणूनं त्याच जातीचे सगळे उंदीर मारले होते, हे मथळ्यात नव्हतं. एनआयएचवाले म्हणाले, आम्हाला आधी विचारलं नाही. विद्यापीठ म्हणालं, तुमच्या पैशाचं काम नव्हतं, म्हणून सांगायची गरज नव्हती. गंमत म्हणजे संस्थेच्या समितीची आणि शहराच्या आरोग्य आयोगाची परवानगी होती. म्हणजे वॉशिंग्टनला ठाऊक नाही आणि बॉस्टन महापालिकेला ठाऊक आहे!

अमेरिकेची मोठी फट हीच. देखरेख पैशाला बांधलेली. २०१४ मध्ये फ्लू, सार्स, मर्सवरच्या अशा कामाचा पैसा थांबवला, २०१७ च्या डिसेंबरमध्ये नवी चौकट आणून मोकळा केला. त्या चौकटीत पुढच्या काही वर्षांत जेमतेम तीन प्रकल्प तपासले गेले, आणि तपासणाऱ्यांची नावं गुप्त. खासगी पैशानं काम केलं तर तेवढंही नाही. कॅनडातल्या एका गटानं खासगी पैशावर टपालानं मागवलेल्या डीएनएचे तुकडे जोडून नामशेष झालेला घोड्यांचा देवीचा विषाणू उभा केला, २०१८ ला पेपर आला. त्या मानानं तुमचे १९८९ चे नियम बरे. पैसा कोणाचाही असो, लागू आहेत.

दोडामार्गी

सगळा धागा वाचला. पुण्या-बॉस्टनच्या मंडळींनी जरा खाली कोकणात उतरा.

आमच्याकडे माकडताप आहे. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये शिमोग्याकडे सापडला तेव्हा तो पुण्यातल्याच प्रयोगशाळेनं ओळखला, जी आज एनआयव्ही आहे. २०१६ पासून आमच्या दोडामार्ग-बांदा भागात, आणि पलीकडे गोव्यात सत्तरीला त्याच्याही आधी. काजूच्या हंगामात बागेत जावंच लागतं, पाचोळ्यात गोचीड असते, ती चावते. माकड मेलेलं दिसलं की आमच्या पोटात गोळा. जुनी लस होती, तिचा उपयोग होत नाही म्हणून ती बंद झाली. नव्या लशीचं काम चालू आहे, आणि ते करायला तो विषाणू कोणीतरी वाढवायलाच हवा. घातक विषाणू, बंद खोलीत, पुण्यात.

तुम्ही "कशाला?" विचारणारी आणखी एक समिती आणाल. ती चार महिन्यांनी बसेल. काजूचा हंगाम थांबणार नाही, गोचीडही थांबणार नाही. आमच्या वाडीत ज्यांनी ताप काढलाय त्यांना विचारा संशोधन कशाला, ते सांगतील.

पाषाणकर

दोडामार्गी, तुमचा राग समजतो. म्हणून स्पष्ट लिहितो. लशीसाठी आहे तो विषाणू वाढवणं, गोचिडीत तपासणं, रुग्णाचं रक्त तपासणं, यातलं काहीही मी म्हणतोय त्या प्रश्नात येत नाही. ते पूर्वीसारखंच चालावं, उलट लवकर. मी म्हणतोय ते "हाच विषाणू गोचिडीशिवाय हवेतून पसरेल का, करून बघू" असल्या प्रकाराबद्दल. असे प्रस्ताव शंभरात एखादा. त्या एकासाठी थांबा, नव्याण्णवांसाठी नको.

मिरजेची_मधुरा

तो एक ओळखायचा कसा, हीच तर मारामारी आहे काका. अमेरिकेनं २०१२ मध्ये यादी केली, १५ जंतू आणि विषं, ७ प्रकारचे प्रयोग. यादीत असेल तरच तपासा. मग लोक यादीबाहेरच्या जंतूवर काम करून मोकळे. २०२४ च्या धोरणात यादी वाढवली तर साधं काम करणारे ओरडले की आम्हीही अडकलो. यादी लहान केली की निसटतं, मोठी केली की दोडामार्गींचं म्हणणं खरं ठरतं. आणि कधीकधी काय निघणार हे प्रयोग करणाऱ्यालाही माहीत नसतं. ऑस्ट्रेलियात उंदरांची संख्या आटोक्यात ठेवायला उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातलं होतं, विषाणू इतका जहाल निघाला की लस दिलेले उंदीरही मेले. २००१ मध्ये पेपर आला. हेतू काय आणि हाती काय आलं!

म्हणून मला वाटतं, सुरुवातीच्या परवानगीइतकंच मध्ये थांबण्याचं बंधन महत्त्वाचं. अनपेक्षित निघालं की काम थांबवून समितीला कळवायचं. आमच्याकडे अपघात कळवायचा फॉर्म आहे. अनपेक्षित निकाल कळवायचा नाही.

कलमकसाई

वकिलाचे दोन पैसे. १९८९ च्या नियमांचा भंग म्हणजे पर्यावरण कायद्याचा भंग, आणि त्याला पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती काढली. १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख दंड. झाडाची फांदी तोडल्यासारख्या गोष्टींना कैद नको हे ठीक, पण घातक सूक्ष्मजीव त्याच टोपलीत गेले याकडे कोणी पाहिलं असं वाटत नाही.

कैद आहे ती २००५ च्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांच्या कायद्यात, पण तो हेतुपुरस्सर दुष्कृत्यासाठी. निष्काळजीपणाला तो लागत नाही. निर्यातीवर बंधन असलेल्या संवेदनशील वस्तूंची स्कोमेट नावाची यादी आहे, डीजीएफटीकडे, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडे. तिच्यात जंतू आणि विषं आहेत, वस्तूंबरोबर तंत्रज्ञानही आहे. म्हणजे फूशिएंसारखा प्रश्न उद्या पुण्यात उभा राहिला तर हात घालायला कलम सापडेल. प्रयोग मुळात करायचा का, याला कलम नाही. ती जागा समितीची.

परळची_पुष्पा

सरकारी देखरेख म्हटली की आम्हा परळकरांना हाफकिनसाहेब आठवतात. त्यांनी शोधलेली प्लेगची लस इथल्याच प्रयोगशाळेत बनायची. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली, त्यातले १९ धनुर्वातानं गेले. एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतून टोचलेले. सरकारी आयोगानं खापर परळच्या प्रयोगशाळेवर फोडलं, हाफकिन यांना हुद्द्यावरून दूर केलं. पुढे निष्पन्न झालं की बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं, तेही रोनाल्ड रॉस आणि इतरांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिल्यावर. संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये दिलं.

समिती नेमा, पण समितीत बाटलीचं बूच कसं उघडतात हे माहीत असलेला एक तरी माणूस असू द्या. निव्वळ नन आणि तेलवाले नकोत, बॉस्टनकर.

चार्ल्सकाठचा

पुष्पाताई, मान्य. पण त्या आयोगावर सगळे साहेबच होते, गावातला कोणी नव्हता. चिमट्याचं गावात आधी कळलं असतं.

नागपूरकर_नाना

एक राहून जाऊन राहिलं भाऊ. बीटी वांग्याच्या, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वांग्याच्या, वेळी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आमचं नागपूर होतं. मी गेलो होतो. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपनीवाले, सगळे एका छपराखाली, आणि आवाज असा की विचारू नका. पण मंत्री बसून ऐकत होता. ९ फेब्रुवारीला त्यांनी स्थगिती दिली. निर्णय चूक की बरोबर यावर मी अजून माझ्या भावाशी भांडतो, तो कापूसवाला आहे.

म्हणजे भरताच्या वांग्यासाठी जनसुनावणी होते आणि निपाहसारख्या विषाणूंच्या प्रयोगांसाठी पाषाणच्या लोकांना साधं पत्रक पण नाही. १९८९ चे नियम दोन्हीला तेच आहेत ना?

मिरजेची_मधुरा

नाना, तेच. वांगं शेतात सोडायचं होतं म्हणून जीईएसीपर्यंत गेलं, आणि तिथली इतिवृत्तं वेबसाइटवर येतात. बंद खोलीतला प्रयोग खालच्या दोन पातळ्यांवर थांबतो. संस्थेच्या समितीचं इतिवृत्त संस्थेच्या फाइलमध्ये.

खवट_म्हातारा

माहितीच्या अधिकारात मागा की.

कलमकसाई

मागता येतं. कलम ८(१)(क) मध्ये देशाचे शास्त्रीय हित आणि ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपित, या दोन्ही ढाली संस्थेकडे आहेत. पण ८(२) नुसार जनहित वरचढ असेल तर द्यावं लागतं. बीटी वांग्याच्या सुरक्षा चाचण्यांची माहिती तशी बाहेर आलीच, २००८ मध्ये. प्रयोगाची कृती मागू नका, ती मिळू नये हेच बरं. "अमुक प्रस्ताव कशासाठी, आणि समितीनं कोणत्या कारणानं होकार दिला", एवढंच मागा.

पाषाणकर

नेमकं हेच. कृती कोणाला हवीय? कारण हवंय, एक परिच्छेद, मराठीत. सोसायटीच्या फलकावर लावतो मी. आणि ते कारण पैसे देणाऱ्या खात्याबाहेरच्या माणसानं तपासलेलं असावं.

मिरजेची_मधुरा

काका, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी एक रकाना सुचवतेय, फक्त वरच्या धोका-गटांसाठी. "विषाणूचा संसर्ग, घातकता किंवा लशीला दाद न देणं यांत वाढ होण्याची शक्यता आहे का? असल्यास तेच उत्तर दुसऱ्या मार्गानं का मिळणार नाही?" उत्तर लिहिणारा अर्जदार, पण शेरा मारणारा बाहेरच्या संस्थेतला. डीबीटीचे सदस्य फोनवर म्हणाले, "नमुन्यात नसलेला रकाना कसा घालणार?" मी म्हटलं परिशिष्ट जोडू. त्यावर म्हणाले, बघू.

दोडामार्गी

परिशिष्टात मुदतही लिहा. बाहेरच्यानं आठ दिवसांत शेरा दिला नाही तर काम सुरू.

मिरजेची_मधुरा

आठ नको, एकवीस. आठ दिवसांत आमचे डॉक्टर सदस्य फोनसुद्धा उचलत नाहीत. आणि "दिला नाही तर सुरू" हे मला चालणार नाही. दिला नाही तर दुसरा माणूस, तिसऱ्या आठवड्याच्या आत.

दोडामार्गी

एकवीस चालेल. पण काजूच्या आधी.